तक्रार म्हणजे भांडण नव्हे

विद्यार्थिमित्रांनो, उर्दूत 'तकरार' म्हणजे भांडण किंवा वादावादी. मराठीतही हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. आपल्यावर झालेला अन्याय योग्य ठिकाणी मांडणे, याला मराठीत 'तक्रार' म्हणतात. तुम्ही तिला 'शिकायत' म्हणाल. हा फरक बाजारात फार उपयोगी पडतो. कसा, ते एका उदाहरणाने पाहू या.

समजा, तुमचे चाचा रसायनीला राहतात आणि पाताळगंगा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरी करतात. काही वर्षे पैसे साठवून त्यांनी पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून तीन लाख रुपयांना जुनी मोटार घेतली. व्यापारी म्हणाला, "एकाच मालकाने वापरलेली गाडी आहे. चाळीस हजार किलोमीटर चालली आहे. अपघात कधी झालेला नाही."

दहा दिवसांनी चाचा कुटुंबाला घेऊन पुण्याला निघाले. खोपोली सोडून घाट चढू लागताच इंजिन तापले आणि वाफ बाहेर येऊ लागली. गाडी टोचन करून खोपोलीला परत आणावी लागली. मेकॅनिकने पाहिले, तर पुढचा सांगाडा ठोकून व जोड देऊन सरळ केलेला होता. सर्व्हिसच्या जुन्या नोंदीत दोन वर्षांपूर्वीच नव्वद हजार किलोमीटरचा आकडा होता. म्हणजे अपघात लपवला होता आणि मीटरही मागे फिरवला होता. चाचांनी व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "जुनी गाडी आहे, असे चालायचेच. विकलेला माल आम्ही परत घेत नाही."

आता चाचांनी काय करावे? दुकानात जाऊन आरडाओरडा केला, तर ती उर्दूतील तकरार होईल. तिने पैसे परत मिळत नाहीत. म्हणून त्यांनी आधी शांतपणे विचार करावा, की हा गाडीचा जुनेपणा आहे की दोष?

टायर झिजले आहेत, रंग उडाला आहे, हा जुनेपणा झाला. तो डोळ्यांना दिसतो आणि त्यामुळेच किंमत कमी असते. माल पाहून घेतला असेल, तर पाहताना सहज दिसणाऱ्या उणिवांबद्दल नंतर बोलता येत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यातही हेच तत्त्व आहे. पण अपघात लपवणे आणि मीटर फिरवणे ही फसवणूक आहे. गाडी जुनी असली, तरी खोटे बोलण्याची परवानगी कोणालाही मिळत नाही.

ग्राहकाला हे बळ सहज मिळालेले नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. पुढे १९८६ साली देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली. तो २०२० च्या जुलैपासून लागू झाला. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हीसुद्धा तशीच प्रथा आहे. मात्र गाडी मनातून उतरली, एवढ्या कारणाने ती परत करता येत नाही.

म्हणून चाचांनी गाडी लगेच दुरुस्त करून घेऊ नये. आधी मेकॅनिककडून दोष लेखी घ्यावेत. बिल, जाहिरात आणि व्यापाऱ्याने पाठवलेले निरोप जपून ठेवावेत. मग व्यापाऱ्याला पत्र लिहून पैसे परत मागावेत, उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत द्यावी आणि पत्राची प्रत व पोचपावती सांभाळावी. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा सल्लाही मिळतो.

तरीही दाद मिळाली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे. व्यापारी पुण्याचा असला, तरी ग्राहक जेथे राहतो तेथे तक्रार करण्याची सोय नव्या कायद्याने दिली आहे. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. वकील नेमलाच पाहिजे असेही नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आयोग व्यापाऱ्याचेही म्हणणे ऐकतो. म्हणून तक्रारीत जे घडले तेवढेच लिहावे, तिखटमीठ लावू नये. दोष सिद्ध झाला, तर आयोग दुरुस्ती करून देण्याचा, पैसे परत करण्याचा किंवा नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो.

गाडी परत देताना आणखी एक काळजी घ्यावी. ती आपल्या नावावर झाली असेल, तर परिवहन कार्यालयात ते नाव बदलून घ्यावे. सरकारी नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. गाडी दुसऱ्याला विकूनही नोंदीत नाव राहिले, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नावाच्या माणसावर येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे.

अर्थात, आधीच सावध राहणे केव्हाही चांगले. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते. ते दाखवायला सांगावे. ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यावा. "अपघात झालेला नाही" हे व्यापाऱ्याचे बोलणे बिलावर लिहून घ्यावे. खरे बोलणारा व्यापारी ते आनंदाने लिहून देईल. जो लिहून देत नाही, त्याची गाडी घेऊ नये.

मित्रांनो, अर्ज, मुदत, नुकसान, वकील हे शब्द तुम्हांला उर्दूतून माहीत आहेतच. उद्या घरातील थोरांवर असा प्रसंग आला, तर त्यांना मराठीत अर्ज लिहून द्या. तकरार टाळा, पण तक्रार करायला कचरू नका.