सायकलचे सुटे भाग आणि हुंडणावळ

सायकल हे साध्या माणसाचे वाहन होय. तिला दाणावैरण लागत नाही, की पेट्रोल लागत नाही. तेलाचे चार थेंब आणि चाकांत हवा एवढ्यावर ती वर्षानुवर्षे सेवा करते. परंतु या साध्या वाहनाचे भाग सुटे करून प्रत्येकाचे जन्मस्थान शोधू लागले, तर मोठे नवल वाटते. एखाद्या सायकलचे गिअर जपानमध्ये बनलेले असतात, तिची चौकट तैवानात घडलेली असते आणि तिची चामड्याची बैठक इंग्लंडातील कारागिरांनी तयार केलेली असते. रस्त्याने जाणारी अशी एकच सायकल तीन-चार देशांचे श्रम आपल्या अंगावर वागवीत असते.

हे भाग कालांतराने झिजतात. साखळीच्या कड्या सैल होतात, दातेरी चक्रांचे दाते बोथट होतात, ब्रेकचे रबर संपते. मग नवा भाग घ्यावा लागतो. नित्याच्या उपयोगाचे भाग गावातल्या दुकानात मिळतात. पण विशेष प्रकारचे भाग तेथे मिळत नाहीत, किंवा मिळाले तरी महाग पडतात. अशा वेळी काही सायकलस्वार परदेशातील दुकानाकडे मागणी नोंदवून तो भाग टपालाने मागवितात. मागणी नोंदविताच त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. दुकानदाराने किंमत सांगितलेली असते पौंडांत आणि आपल्या खिशात असतात रुपये किंवा डॉलर. मग प्रत्यक्षात पडणार किती?

एका देशाचे नाणे देऊन दुसऱ्या देशाचे नाणे ज्या भावाने मिळते, त्या भावाला विनिमयाचा दर किंवा हुंडणावळीचा दर असे म्हणतात. पूर्वी व्यापारी एका पेठेतून दुसऱ्या पेठेत रोख रक्कम नेण्याऐवजी हुंडी लिहून देत. त्या हुंडीवरूनच हुंडणावळ हा शब्द आला. परदेशी वस्तूचे दाम ठरविताना दोन आकड्यांचा गुणाकार करावा लागतो. एक आकडा वस्तूच्या किमतीचा आणि दुसरा हुंडणावळीचा. पहिला आकडा जागचा हलला नाही, तरी दुसरा हलताच वस्तू स्वस्त किंवा महाग होते.

याचे एक चांगले उदाहरण आपल्याच देशाच्या इतिहासात सापडते. १९६६ सालच्या जून महिन्यापर्यंत एका पौंडाला सुमारे १३ रुपये ३३ पैसे पडत असत. ६ जून १९६६ रोजी भारत सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले, म्हणजे परकीय नाण्यांच्या तुलनेत रुपयाचे मोल कमी केले. त्याबरोबर एक पौंड २१ रुपयांचा झाला. पुढे १८ नोव्हेंबर १९६७ रोजी खुद्द ब्रिटनने आपल्या पौंडाचे अवमूल्यन केले. या खेपेस रुपयाने पौंडाची पाठ धरली नाही. म्हणून पौंड २१ रुपयांवरून १८ रुपयांवर उतरला.

त्या काळी इंग्लंडातील नॉटिंगहॅम शहरात स्टर्मी-आर्चर नावाच्या कारखान्यात चाकाच्या तुंब्यात बसणारे तीन वेगांचे गिअर तयार होत. ते जगभर प्रसिद्ध होते. नॉटिंगहॅमहून १० पौंडांचा माल मागविला असे समजू. १९६६ च्या मे महिन्यात त्याला सुमारे १३३ रुपये पडले असते. जुलैमध्ये त्याच मालाला २१० रुपये लागले असते आणि १९६७ सरता सरता १८० रुपये. माल तोच, कारागीर तेच, दुकानदाराने सांगितलेले १० पौंडही तेच. तरीही दाम तीन वेळा निरनिराळे झाले. अर्थात त्या काळी परदेशी माल आणण्यावर सरकारचे कडक निर्बंध होते आणि परवान्यावाचून असा माल मागविता येत नसे. लुधियाना, सोनिपत, मद्रासजवळील अंबत्तूर इत्यादी ठिकाणी सायकलींचे देशी कारखाने उभे राहिले होते. त्यामुळे सामान्य सायकलस्वाराची गरज बव्हंशी देशी मालावर भागत असे.

त्या वेळी हुंडणावळीचा दर सरकार ठरवीत असे. तो बदलला की वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांत बातमी येई. पुढे जगातील अनेक देशांनी ही पद्धत सोडून दिली. ब्रिटनने १९७२ साली, जपानने १९७३ साली आणि ऑस्ट्रेलियाने १९८३ साली आपापले चलन बाजारावर सोपविले. तेव्हापासून या चलनांचे भाव भाजीपाल्याच्या भावाप्रमाणे मागणी-पुरवठ्यावर ठरतात. ज्या देशाच्या भवितव्याविषयी व्यापाऱ्यांना भरवसा वाटतो, त्याचे नाणे घेण्यास गर्दी होते आणि ते चढते. ज्याच्याविषयी शंका उत्पन्न होते, त्याचे नाणे लोक विकू लागतात आणि ते उतरते.

२०१६ साली असाच एक मोठा प्रसंग घडला. युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे, याविषयी ब्रिटनमध्ये २३ जून रोजी जनतेचे मत घेण्यात आले. कौल बाहेर पडण्याच्या बाजूने लागला. त्या रात्री मतमोजणी चालू असतानाच पौंड कोसळू लागला. १ डॉलर ५० सेंटांपर्यंत चढलेला पौंड काही तासांत सुमारे १ डॉलर ३२ सेंटांपर्यंत खाली आला. इतका खालचा भाव त्यापूर्वी १९८५ सालीच दिसला होता. ही अमेरिकन डॉलरची गोष्ट झाली. ऑस्ट्रेलियाच्या डॉलरात पाहिले, तर मतदानापूर्वी पौंडाला सुमारे १.९५ डॉलर पडत होते, ते ऑक्टोबर महिन्यात सुमारे १.६० वर आले.

ऑस्ट्रेलियातील कित्येक सायकलस्वार पूर्वीपासूनच ब्रिटनमधील मोठ्या दुकानांतून सुटे भाग मागवीत असत. मेलबर्न शहरातील एखाद्या सायकलस्वाराला १०० पौंडांचा गिअर हवा होता असे समजू. जूनच्या आरंभी त्याला त्यासाठी १९५ डॉलर मोजावे लागले असते. ऑक्टोबरात त्याच १०० पौंडांना १६० डॉलर पुरले असते. दुकानदाराने एका पेनीचीही सूट दिली नव्हती, तरी ग्राहकाचे ३५ डॉलर वाचले.

हा लाभ पाहून कोणासही वाटेल, की आता हा गिअर कायमचाच स्वस्त झाला. पण येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. तो गिअर ब्रिटनमध्ये विकला जात होता, पण तो तेथे बनत नव्हता.

सायकलचे गिअर बनविणारा शिमानो हा प्रसिद्ध कारखाना जपानमधील साकाई शहरात १९२१ साली सुरू झाला. साकाई हे शहर पूर्वीपासून लोखंडकामासाठी, विशेषतः सुऱ्या-चाकूंच्या पात्यांसाठी नावाजलेले आहे. अशा कारखान्याचा माल आणताना ब्रिटनच्या दुकानदाराच्या किमतीत जपानी येनचा भाव शिरतो. गिअरची मूळ किंमत १५,६०० येन आहे, असे हिशेबापुरते धरू, आणि नफा व वाहतूक क्षणभर बाजूला ठेवू. मतदानापूर्वी एका पौंडाला सुमारे १५६ येन मिळत होते. म्हणजे दुकानदाराला तो गिअर १०० पौंडांना पडला. ऑक्टोबरच्या सुमारास पौंडाला १३० च्या आसपासच येन मिळू लागले. आता तोच गिअर आणण्यास त्याला १२० पौंड लागले.

दुकानाच्या फडताळात जुन्या भावाने घेतलेला माल होता, तोवर दुकानदार जुनी किंमत ठेवू शकला. तो माल संपताच त्याला नवी किंमत लावणे भाग पडले. मेलबर्नच्या ग्राहकाने आता १२० पौंडांना १.६० ने गुणून पाहिले, तर १९२ डॉलर आले. जूनमध्ये १९५ आणि आता १९२! ज्या लाभाला तो कायमचा समजत होता, तो फडताळातील माल संपेपर्यंतचाच होता.

चामड्याच्या बैठकीची गोष्ट थोडी निराळी आहे. बर्मिंगहॅमजवळील स्मेदिक येथे ब्रुक्स नावाच्या जुन्या कारखान्यात अशा बैठका बनतात. या व्यवसायाचा आरंभ १८६६ साली घोड्यांच्या चामडी साजापासून झाला. तेथील कारागिरांना मजुरी पौंडांत मिळते. कारखान्याचे भाडे आणि विजेचा आकारही पौंडांतच द्यावा लागतो. म्हणून पौंड उतरला, तरी या बैठकीची पौंडांतील किंमत लगेच वाढण्याचे कारण नसते. कच्चा माल बाहेरून येत असेल, तर तेवढ्यापुरती ती हळूहळू वाढते. परदेशी ग्राहकाला अशा वस्तूचा लाभ अधिक काळ मिळू शकतो. तेव्हा वस्तू कोठे विकली जाते याबरोबरच ती कोठे बनते, हेही विचारले पाहिजे.

या दृष्टीने १९६७ आणि २०१६ या दोन सालांची तुलना फार उद्बोधक ठरते. १९६७ साली पौंड उतरला, तेव्हा तीन वेगांचा गिअर नॉटिंगहॅममध्येच घडत होता. पौंड उतरल्याने परदेशातून त्याला अधिक मागणी येण्याची आणि तेथील कामगारांच्या हातांना काम मिळण्याची आशा होती. परंतु २००० साली स्टर्मी-आर्चरचा धंदा तैवानी कंपनीने विकत घेतला व त्याचे उत्पादन तैवानात गेले. नॉटिंगहॅममधील रॅले सायकलींचा कारखानाही २००२ साली बंद झाला. त्यामुळे २०१६ मध्ये पौंड पुन्हा उतरला, तेव्हा नॉटिंगहॅमच्या त्या यंत्रशाळांना मिळण्यासारखे काही उरले नव्हते. उलट, ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या बहुतेक सायकली आणि सुटे भाग बाहेरून येत असल्याने तेथील अनेक व्यापाऱ्यांना पुढील महिन्यांत किमती वाढवाव्या लागल्या. दूर मेलबर्नमध्ये एका सायकलस्वाराचे ३५ डॉलर वाचत असताना, सायकलने कामावर जाणाऱ्या ब्रिटनमधील माणसाला साखळी आणि टायर यांसाठी अधिक पैसे मोजावे लागत होते. हुंडणावळीच्या तराजूचे एक पारडे वर गेले, की दुसरे खाली जाते ते असे.

मेलबर्नमधील दुकानदाराचीही अडचण झाली. त्याला दुकानाचे भाडे आणि नोकरांचे पगार आपल्याच डॉलरांत द्यायचे असतात. ग्राहक त्याच्या दुकानात येऊन वस्तू हाताळून पाहतो, सल्ला विचारतो आणि मग तीच वस्तू परदेशातून मागवितो. असे वारंवार घडले, तर ते दुकान चालावे कसे? आणि दुकान बंद पडले, तर भर पावसात वाकडे झालेले चाक सरळ करून द्यावयास कोण येणार? परदेशी दुकान माल पाठविते, पण ते स्पोक आवळून देत नाही.

याखेरीज आणखी काही आकडे हिशेबात घ्यावे लागतात. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या बहुतेक मालावर २० टक्के मूल्यवर्धित कर असतो. माल देशाबाहेर जात असेल, तर हा कर सहसा लागत नाही. तेथे १२० पौंडांना मिळणारी वस्तू यामुळे परदेशी ग्राहकाला १०० पौंडांना मिळू शकते. पण माल ज्या देशात उतरतो, त्या देशाचा करही असू शकतो. ऑस्ट्रेलियात १,००० डॉलरपर्यंतच्या परदेशी मालावर पूर्वी वस्तू व सेवा कर घेतला जात नसे. १ जुलै २०१८ पासून अशा मालावरही १० टक्के कर लागू झाला. शिवाय टपालखर्च असतो, आणि नाणे बदलून देण्याबद्दल बँकाही बहुधा आपले शुल्क घेतात. एखादा लहानसा पेच मागविला आणि त्याच्या किमतीहून टपालखर्चच अधिक झाला, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होते.

सर्वांत मोठे नुकसान होते ते चुकीचा भाग मागविल्याने. पॅडलच्या दांड्या ज्या आसावर फिरतात, त्याच्या दोन्ही बाजूंच्या वाट्या चौकटीत आट्यांनी आवळलेल्या असतात. इंग्लिश पद्धतीत उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, तर इटालियन पद्धतीत दोन्ही बाजूंचे सुलटे. दोन्हींची मापेही भिन्न आहेत. एका पद्धतीची वाटी दुसऱ्या चौकटीत बसत नाही. अशी वस्तू परत करावयाची म्हणजे पुन्हा टपालखर्च आला. परत मिळणारी रक्कम पौंडांत असेल, तर तोवर दर बदललेला असू शकतो. १.६० च्या दराने दिलेले १०० पौंड १.५५ च्या दराने परत आले, तर काहीही न घेता ५ डॉलर गमवावे लागतात.

म्हणून सुज्ञ ग्राहक कागद-पेन्सिल घेऊन बसतो. वस्तूची किंमत, त्या दिवशीचा दर, बँकेचे शुल्क, कर आणि टपालखर्च हे सर्व आकडे तो एकाखाली एक मांडतो. आलेली बेरीज तो जवळच्या दुकानातील किमतीशी ताडून पाहतो. दर आणखी उतरेल या आशेने तो झिजलेली साखळी वापरीत राहत नाही, कारण झिजलेली साखळी दातेरी चक्रेही झिजवून टाकते. तसेच दर उतरला म्हणून गरज नसलेले भाग तो घरात साठवीतही नाही. उद्याचा दर चढेल की उतरेल, हे निश्चितपणे सांगणे मोठमोठ्या पेढ्यांनाही साधत नाही. आपल्या सायकलला आज कशाची गरज आहे, हे मात्र प्रत्येकाला तिच्याजवळ बसून, चाक हाताने फिरवून पाहता येते.