लघवीचा त्रास ‘वयाचा’ म्हणून अंगावर काढू नका. प्रोस्टेट कॅन्सर आधी समजून घ्या, मगच उपचार ठरवा

पांढरकवडा : रात्रीतून चार-पाच वेळा उठावं लागतं, धार बारीक झाली, होऊन गेल्यावरही थेंब थेंब सुरूच राहते. केळापूर तालुक्यातल्या कोणत्याही गावात साठी ओलांडलेली अशी माणसं भेटतात. “वय झालं, चालायचंच,” एवढ्यावर विषय संपतो. लाजेपायी घरात पोरालाही सांगत नाहीत. यातल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो, हे आधी लक्षात घ्या. पण ज्यांना असतो, त्यांच्यापैकी अनेकांचं निदान कंबर-मणका दुखायला लागल्यावरच होतं. तेव्हा हातातले पर्याय कमी झालेले असतात.

प्रोस्टेट म्हणजे काय?

मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. ती फक्त पुरुषांना असते. वय वाढलं की ती फुगते आणि नळी दाबली जाते. ही साधी वाढ आहे, कॅन्सर नाही आणि तिचा पुढे कॅन्सर होतो असंही नाही. कॅन्सर मात्र बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो. त्यामुळे सुरुवातीला काहीच त्रास जाणवत नाही.

तपासणी कशी होते?

पहिली तपासणी रक्ताची, तिला पीएसए म्हणतात. साधारण ४ च्या वर आकडा गेला की पुढे पाहावं लागतं. पण लघवीत जंतुसंसर्ग झाला, नळी टाकली किंवा साधी वाढ असली, तरी हा आकडा वाढतो. म्हणून एका रिपोर्टवर घाबरू नका. ग्रंथी लहान करणारी गोळी सुरू असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, कारण तिने आकडा निम्म्यावर येतो आणि दिशाभूल होते.

डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासतात. एका मिनिटाचं काम आहे, लाजू नका. शंका आल्यास एमआरआय आणि मग तुकडा तपासणी, म्हणजे बायोप्सी होते. “तुकडा काढला की कॅन्सर पसरतो,” ही भीती मनातून काढून टाका. बायोप्सीशिवाय आजार किती जहाल आहे ते कळत नाही.

बायोप्सीच्या रिपोर्टवर ग्लीसन नावाचा आकडा असतो, ६ ते १०. ६ म्हणजे संथ, ८ ते १० म्हणजे जहाल. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडेन यांचा आकडा ९ होता आणि मे २०२५ मध्ये निदान झालं तेव्हा आजार हाडांपर्यंत गेलेला होता.

कोणाला कोणता उपचार?

आजार संथ आणि ग्रंथीपुरताच असेल, तर लगेच ऑपरेशन लागेलच असं नाही. ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि गरजेप्रमाणे बायोप्सी करून लक्ष ठेवता येतं. याला दुर्लक्ष समजू नका, तारखा मात्र चुकवायच्या नाहीत. ब्रिटनमध्ये १,६४३ रुग्णांना देखरेख, ऑपरेशन आणि किरणोपचार अशा तीन गटांत ठेवून १५ वर्षं पाहिलं गेलं. लवकर सापडलेल्या या कॅन्सरने तिन्ही गटांत मिळून १०० पैकी ३ च्या आसपासच दगावले. म्हणजे अशा रुग्णाला विचार करायला वेळ असतो. घाईत वावर विकू नका.

ऑपरेशनमध्ये पूर्ण ग्रंथी काढतात. त्यानंतर लघवी गळणं आणि लैंगिक ताकद कमी होणं असे त्रास होऊ शकतात. किरणोपचारात, म्हणजे ‘शेक’ घेण्यात, चिरफाड नसते. पण अनेकदा चार ते आठ आठवडे जवळपास रोज जावं लागतं. शौचाच्या जागी जळजळ, रक्त असा त्रास काहींना होतो. पांढरकवड्याहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. रोज जाणं-येणं जमणार नाही, राहायची सोय आधी बघावी लागेल.

आजार हाडांत गेला असेल तर पुरुषी हार्मोन थांबवतात, कारण हा कॅन्सर त्याच्यावरच वाढतो. त्यासाठी दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन घ्यावं लागतं, किंवा एकदाच छोटं ऑपरेशन करून अंडकोष काढतात. दोन्हींचा परिणाम सारखाच. ऑपरेशनचा खर्च कमी आणि वारंवार चकरा नाहीत, पण ते परत फिरवता येत नाही. दोन्हींत अंगात गरम वाफा येतात, हाडं ठिसूळ होतात, इच्छा कमी होते. सोबत गोळ्या किंवा केमोही लागू शकते. आजार मुळातून जात नसला तरी अनेकांना वर्षानुवर्षं आराम मिळतो.

कुठे जायचं?

सुरुवात पांढरकवड्याच्या उपजिल्हा रुग्णालयातून करा. पुढे यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. राशन कार्ड आणि आधार सोबत न्या. आपला उपचार योजनेत बसतो का, हे भरती होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. टोल फ्री क्रमांक १५५३८८.

डॉक्टरांना हे विचारा

आजार ग्रंथीतच आहे की बाहेर गेला? ग्लीसन किती? माझं वय आणि शुगर-बीपी पाहता कोणता उपचार झेपेल? काही महिने थांबलं तर चालेल का? उत्तरं कागदावर लिहून घ्या, घरच्या माणसाला सोबत न्या. जडीबुटी सुरू असेल तर तीही लपवू नका.

आणि एक गोष्ट विसरू नका. कॅन्सरच्या रुग्णाला पाठदुखीसोबत पायात ताकद नाही असं वाटलं, किंवा लघवी-संडास अडली, तर सकाळची वाट पाहू नका. मणक्यातली नस दबलेली असू शकते. त्याच रात्री दवाखाना गाठला तर पाय वाचू शकतात.