पायरी डोंगरात मोडते का?

पुण्याच्या पेठेतल्या एखाद्या वाड्यात ‘डोंगर का पाणी’ सुरू झाला की पहिलं भांडण ठरलेलं: धुण्याचा दगड डोंगर धरायचा की नाही? फरशी म्हणजे पाणी, ओटा आणि पायरी म्हणजे डोंगर, आणि डोंगरावरच्याला ज्याच्यावर राज्य आहे त्याने बाद करायचं नाही, एवढाच नियम. पण एक पाय पायरीवर आणि दुसऱ्याचा अंगठा फरशीला टेकलेला असेल तर? पंच नसतो. सगळ्यांत थोराड पोराचा आवाज, नाहीतर ‘मघाशी तुला सोडलं होतं ना’ हा दाखला, यावर निकाल लागतो.

हेच भांडण परदेशात मोठी माणसं पैसे भरून भांडतात. त्या खेळाला ‘लार्प’ म्हणतात: पात्राचा वेष चढवायचा, हातात फोमची तलवार घ्यायची आणि खरोखर रानात, किल्ल्यात उतरायचं. इंग्लंडमध्ये चेशर परगण्यातल्या पेकफर्टन किल्ल्यात १९८२ साली ‘ट्रेझर ट्रॅप’ हा असा खेळ सुरू झाला. तलवारीचा वार दिसतो, मंत्राचं कवच दिसत नाही. म्हणून वार बसला तरी लागला नाही, हे ओरडून सांगावं लागतं. समजा, नियम असा आहे: ‘हे कवच पुढचा एक मंत्र अडवतं.’ आता मित्राने जखम भरायचा मंत्र टाकला, तर तोही अडणार? शब्द धरला तर हो, हेतू पाहिला तर नाही. शत्रूने आधी एक फुसका मंत्र टाकून कवच फुकट घालवलं, तर ती लबाडी खरी, पण नियमात बसणारी.

अशा पळवाटांत आपली पुराणं कुणाला हार जाणार नाहीत. हिरण्यकशिपूने दिवस-रात्र, आत-बाहेर, माणूस-पशू सगळं वगळून वर घेतला, आणि नरसिंहाने त्याला तिन्हीसांजेला उंबरठ्यावर गाठलं. वाड्यातली पायरी ती हीच.

इथला सगळ्यांत जबरदस्त मंत्र मात्र ‘टॅम्प्लीज’. ‘टाइम प्लीज’ झिजून झालेला. मूठ तोंडाशी नेऊन म्हटला की त्या गड्याला कुणी बाद करायचं नाही. चप्पल तुटली, आईची हाक आली, यासाठी तो असतो; पण पाठीला हात लागता लागता पुटपुटला तर? इंग्लंडमधल्या पोरांचे असे शब्द आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने १९५९ च्या पुस्तकात गोळा केले आहेत: कुठे ‘बार्ली’, कुठे ‘फेनाइट्स’. अमेरिकेतल्या कित्येक लार्पमध्ये कुणाला खरंच लागलं की ‘होल्ड’ अशी आरोळी उठते आणि सगळे जागच्या जागी थिजतात.

याच पुण्यात डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम लेखी बांधले. तिथे खांब आहेत, आखलेल्या रेषा आहेत, पंचाची शिट्टी आहे. टॅम्प्लीज म्हणून कुणी सुटत नाही.

वाड्यात अजून एक कवच असतं, ते कुणी मागत नाही. सगळ्यांत धाकट्याला ‘कच्चा लिंबू’ ठरवतात. तो फरशीवर उभा राहो की दगडावर, बाद होत नाही, त्याच्यावर राज्यही येत नाही. तो मात्र जीव खाऊन पळतो. आपल्याला कुणी पकडतच नाही हे कधीतरी त्याच्या ध्यानात येतं, आणि मग तो भोकाड पसरून घरात जातो.