घरचे बर्फयंत्र : घ्यावे की न घ्यावे?

टेंभुर्णीपासून उजनीच्या फुगवट्याकडे गेले की काठाकाठाने मासळीवर पोट भरणारी गावे लागतात. भीमा नदीवरचे हे धरण 1980 साली पुरे झाले. जलाशयाला यशवंतसागर म्हणतात आणि त्यात सुमारे 117 टीएमसी पाणी मावते. पाण्याचा पसारा सोलापूरच्या माढा व करमाळा तालुक्यांतून पुणे जिल्ह्यातील इंदापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतपर्यंत गेला आहे. जमिनी गेल्या, पण चिलापी, कटला, रोहू, मरळ यांचा धंदा आला. भोई बांधव जाळे टाकतात, आपली काही मंडळी माल उचलून बाजारात नेतात.

आमचा व्यवसाय कापडाचा. आठवडी बाजारांच्या निमित्ताने तीस वर्षे आम्ही या गावांत फिरतो. आमच्या आपांचे घरही येथेच असून त्यांचा मुलगा मासळी विकतो. मागील उन्हाळ्यात एके दिवशी बर्फाची गाडी आलीच नाही. दुपार होईतो चाळीस किलो चिलापी खराब झाली. साडेतीन हजारांचा माल मातीत पुरावा लागला आणि वर नेहमीच्या गिऱ्हाइकांची नाराजी पदरी पडली.

संध्याकाळी भाचा आमच्या दुकानी आला. म्हणाला, “मामू, टेबलावर ठेवायचे बर्फयंत्र मिळते. चोवीस तासांत बारा किलो बर्फ देते. बारा हजार उसने द्या. कारखानदारापुढे हात पसरायला नको.”

आपांचा फोन त्याच्या आधीच येऊन गेला होता : “भाईजान, नाही म्हणू नका.” बहिणीचा शब्द मोडणे जड जाते. पण कापड घेताना आपण पन्हा मोजतो, सूत चोळून पाहतो, मगच तागा उचलतो. यंत्राच्या बाबतीत तेवढी पारख नको काय? आम्ही त्याला म्हटले, “बस बेटा. पैसे कोठे पळून जात नाहीत. आधी हिशेब मांडू.”

हिशेब मांडायला आमच्यापाशी आधारही होता. दोन वर्षांपूर्वी आम्ही स्वतः असेच एक यंत्र घेऊन बसलो होतो. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला थंड शरबत द्यावे, रमजानात इफ्तारच्या वेळी घरात बर्फाची ओरड होऊ नये, असा विचार होता.

हे यंत्र चालते कसे ते प्रथम सांगतो. आत बोटांसारख्या पोकळ नळ्या असतात. टाकीतले पाणी पंपाने खालच्या पसरट भांड्यात येते आणि नळ्या त्यात बुडतात. नळ्यांमधून अतिथंड गॅस फिरतो, त्यामुळे भोवती बर्फाची टोपणे जमतात. सहा ते दहा मिनिटांनी त्याच नळ्यांत क्षणभर गरम गॅस सोडला जातो. टोपणे सुटतात आणि एक पट्टी त्यांना टोपलीत ढकलते. एका फेरीत बहुधा नऊ टोपणे पडतात.

येथे एक गोष्ट दुकानदार बहुधा सांगत नाही. ही टोपली म्हणजे फ्रीजर नव्हे. तिला थंडावा नसतो. बर्फ तेथेच राहिला तर वितळून पुन्हा टाकीत जातो आणि त्याचाच परत बर्फ होतो. तेव्हा रात्रभर यंत्र चालवून सकाळी बारा किलो बर्फ उचलू, असे जो समजतो तो फसतो. टोपलीत साधारण अर्धा-पाऊण किलो मावतो. ती भरली की यंत्र थांबते. कोणीतरी तासातासाला बर्फ काढून फ्रीजरमध्ये अगर थर्मोकोलच्या पेटीत ठेवला पाहिजे.

आता बारा किलोचा अर्थ पाहू. चोवीस तासांत बारा, म्हणजे तासाला अर्धा किलो. हा आकडाही थंड खोलीत, थंड पाणी घालून मोजलेला असतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसवर जातो, तेव्हा यंत्र धापा टाकते आणि बर्फ कमी पडतो. आठ माणसांच्या इफ्तारला शरबतासाठी दीड किलो बर्फ धरला तर दुपारी तीनलाच यंत्र सुरू करावे लागते.

आणि मासळी? उष्ण हवेत एक किलो मासळीला एक किलो बर्फ हा जुना, अनुभवाचा हिशेब आहे. चाळीस किलो मासळीला चाळीस किलो बर्फ. या यंत्राने तो जमवायचा तर साडेतीन दिवस लागतील, तेही वीज एक मिनिट न जाता. हे ऐकून भाच्याचा चेहरा उतरला. पण उतरलेला चेहरा बरा, बुडालेले बारा हजार बरे नव्हेत.

खर्चाचेही ऐका. असे यंत्र साधारण 120 वॅट वीज घेते. दिवसभर चालले तर तीन युनिटांच्या आत. युनिटला दहा रुपये धरले तरी किलोमागे वीज अडीच रुपयांची. ही बाजू स्वस्त दिसते. पण यंत्र बारा हजारांचे आणि चार वर्षे टिकले असे धरा, तर वर्षाला तीन हजार त्याचेच झाले. उन्हाळ्याचे शंभर दिवस रोज तीन किलो बर्फ काढला, तर किलोमागे दहा रुपये यंत्राचे आणि अडीच विजेचे, असे साडेबारा पडले. वर्षभर रोज तीन किलो वापरणाऱ्या शरबतवाल्याला तोच बर्फ सव्वापाच रुपयांच्या आसपास पडतो. यंत्र तेच, पण राबवले तर स्वस्त आणि झाकून ठेवले तर महाग. मागाचेही तसेच असते, हे आमच्या विणकर बंधूंना सांगायला नको.

आता आमची चूक सांगतो. पहिल्या यंत्रात आम्ही बोअरचे पाणी घातले. पाणी जड होते. एका हंगामात नळ्यांवर व पंपात पांढरा क्षार बसला. बर्फ पातळ पडू लागला आणि मग पंपच बंद झाला. दुरुस्तीवाल्याने सांगितले, “चाचा, महिन्यातून एकदा लिंबूसत्त्वाचे पाणी फिरवले असते तर यंत्र वाचले असते.” शिकवणी महाग पडली.

पाण्याची दुसरी बाजू त्याहून गंभीर आहे. पुष्कळ लोक समजतात की पाणी गोठले म्हणजे शुद्ध झाले. तसे नाही. गोठल्याने रोगजंतू मरतीलच असे नसते. ते बर्फात पडून राहतात आणि ग्लासात पुन्हा जागे होतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडकडचे सांडपाणी नद्यांवाटे उजनीत उतरते, हे काठावरच्या सर्वांना माहीत आहे. ते पाणी थेट यंत्रात घालून घरच्या लेकरांना शरबत पाजणे म्हणजे पैसे देऊन दुखणे विकत घेणे होय. पाणी उकळावे, पूर्ण निवू द्यावे, मगच टाकीत घालावे. गरम पाणी यंत्रात कधीही घालू नये.

बाजारच्या लादीबद्दलही सावध असावे. मासळी थंड ठेवण्याचा बर्फ आणि पोटात जाणारा बर्फ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालावा, असा नियम 2018 मध्ये झाला तो यासाठीच. निळसर लादी शरबताच्या गाड्यावर दिसली तर तो ग्लास घेऊ नये. रंग नाही म्हणून बर्फ चांगलाच, असेही मानू नये. गाडेवाल्याला पाणी कोठले ते विचारावे.

ज्यांना यंत्र घ्यायचेच आहे त्यांनी एवढे पाहावे. जीएसटीचे बिल व गॅरंटीकार्ड घ्यावे. दुरुस्ती सोलापुरात होते की पुण्यास पाठवावे लागते, हे पैसे देण्याआधी विचारावे. घरी आणल्यावर यंत्र उभेच ठेवावे व निदान काही तास, जमल्यास एक दिवस, सुरू करू नये. भिंतीपासून वीतभर जागा सोडावी. अर्थिंग नीट असावे, गावात व्होल्टेज खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर लावावा. वीज जाऊन आली तर पाचेक मिनिटे थांबून मग बटण दाबावे. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांचा बर्फ टाकून द्यावा. काम झाले की टाकी रिकामी करून पुसावी. शिळे पाणी आत ठेवू नये.

ज्यांच्या घरी चांगला फ्रीज आहे त्यांनी आधी बर्फाचे चार साचे आणि एक झाकणाची थर्मोकोल पेटी घ्यावी. रात्री साचे भरले, सकाळी पेटीत काढले, पुन्हा भरले, की बहुतेक घरांचे काम भागते. यंत्र शोभते ते शरबत, सोडा, लस्सी विकणाऱ्याला, अगर पाहुण्यांची ये-जा मोठी असलेल्या घराला.

भाच्याचे काय झाले? आम्ही बारा हजारांना नाही म्हटले नाही, फक्त त्यांची दिशा बदलली. त्या पैशांत जाड भिंतींच्या दोन बर्फपेट्या आल्या. शेजारच्या आणखी एका मासळीवाल्याशी भागी केली. आता दोघे मिळून आदल्या संध्याकाळीच टमटममधून लाद्या आणतात, पोत्यात गुंडाळून पेटीत ठेवतात आणि पहाटे फोडून मासळीवर थराथराने घालतात. एक थर बर्फ, एक थर मासळी, वर पुन्हा बर्फ. वितळलेले पाणी निघून जाण्यास खाली भोक ठेवले आहे, कारण त्या पाण्यात माल बुडून राहिला तर लवकर बिघडतो. त्यानंतर दोनदा गाडी चुकली, माल मात्र एकदाही वाया गेला नाही. निम्मे पैसे त्याने दिवाळीच्या आत परत केले.

आपा आठ दिवस आमच्यावर रुसल्या होत्या. मग आम्ही आमचे दुरुस्त केलेले यंत्र त्यांच्याकडे नेऊन ठेवले. सोबत लिंबूसत्त्वाची पुडी दिली आणि सांगितले, “आपा, महिन्याची पहिली तारीख विसरू नका.” परवा गेलो तेव्हा त्यांनी लिंबाचे शरबत पुढे केले. बर्फ काचेसारखा नव्हता, पण पाणी उकळलेले होते. आम्ही दोन ग्लास प्यालो.