चुलीचा धूर आणि गावाचा हिशेब

“सिस्टर, पोराला रात्री पुन्हा मशीन लावावी लागली.” मी आरोग्य केंद्रात नोकरीला होते तेव्हा एक आई दर थंडीत हे सांगायची. पोर तीन वर्षांचं. छातीत घरघर, नेब्युलायझर, औषध, घर. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. एकदा मी तिच्या घरी गेले. दहा बाय दहाची खोली, एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात पोराची झोळी. वरचे पत्रे काजळीने काळे झालेले. तेव्हा मला कळलं, औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी “चूल कुठं आहे?” हे विचारायला हवं होतं.

हल्ली “कार्बन फूटप्रिंट” हा शब्द सारखा कानावर पडतो. आपण जे जाळतो, वापरतो, ज्या वाहनाने फिरतो, त्यातून हवा तापवणारे वायू बाहेर पडतात. एका घराचा वर्षाचा असा एकूण हिशेब म्हणजे त्या घराचा कार्बन फूटप्रिंट.

इंग्लंडमध्ये ॲश्टन हेज नावाचं सुमारे हजार वस्तीचं गाव आहे. २००६ साली तिथल्या लोकांनी ठरवलं, आपल्या घरांचा हा हिशेब आपणच कमी करायचा. चेस्टर विद्यापीठाच्या मदतीने घराघरांची मोजणी झाली. लोकांनी विमानप्रवास कमी केला, घरं ऊब टिकेल अशी करून घेतली, वाळवणी यंत्र बंद करून कपडे दोरीवर घातले. दहा वर्षांत गावाचा हिशेब सुमारे २४ टक्क्यांनी उतरला.

दोरीवर कपडे वाळवणं आपल्या बायांनी कधी सोडलंच नव्हतं! विमान तर आपण खालूनच बघतो. म्हणजे हवा तापवण्यात आपल्या वस्तीचा वाटा फार थोडा. मग हा विषय आपला का? कारण आपल्या घरातला मोठा धूर चुलीचा आहे, आणि तो आभाळात जाण्याआधी आपल्या बाईच्या आणि बाळाच्या छातीत जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या प्रदूषित हवेमुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यात पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून जास्त मुलं होती. या धुराने लहान मुलांत न्यूमोनियाचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. विडीला कधी हात न लावलेल्या बायांची फुप्फुसं निकामी होतात. मोतीबिंदू लवकर येतो, बाळ कमी वजनाचं जन्मतं. लाकूड अर्धवट जळतं तेव्हा निघणारी काजळीही हवा तापवते. म्हणून चुलीचा धूर कमी केला की आपली छाती आणि आभाळ, दोन्हींचं भलं होतं.

हे आपल्या शेजारीच एका गावाने करून दाखवलंय. अमरावती जिल्ह्याला लागून मध्य प्रदेशचा बैतूल जिल्हा आहे. तिथलं बाचा हे पाऊणशेच्या आसपास घरांचं, बहुतांश आदिवासी वस्तीचं गाव. मुंबईच्या आयआयटीने तयार केलेली, सूर्याच्या विजेवर चालणारी शेगडी २०१८ च्या अखेरपर्यंत तिथे घरोघर पोचली. छपरावर पॅनेल, घरात बॅटरी आणि शेगडी. बायांची सरपणाची पायपीट आणि धुरातलं फुंकणं कमी झालं. एवढी यंत्रणा एकट्या घराला परवडणारी नाही. तिथेही बाहेरून मदत मिळाली. पण मदत मागायची तर ती एका घरासाठी न मागता सगळ्या वस्तीसाठी मागावी, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

सौर शेगडी येईल तेव्हा येईल. आजपासून काय करता येईल?

गॅस असेल तर तो पाहुण्यांच्या चहासाठी राखून ठेवू नका. गॅसमधूनही कार्बन निघतो, पण छातीत जाणारा धूर फारच कमी. सिलिंडर महाग आहे, हे मला ठाऊक आहे. सगळा स्वयंपाक जमत नसेल तर निदान रात्रीचा, दारं लावून होणारा स्वयंपाक गॅसवर करा.

चूल पेटवावीच लागली तर ती बाहेर, पत्र्याच्या आडोशाला मांडा. सरपण पुरतं वाळवा. ओल्या लाकडाचा धूर जास्त. डाळ भिजवून कुकरमध्ये शिजवा, भांड्यावर झाकण ठेवा. वैलावर पाणी ठेवलं की तेवढंच जळण वाचतं.

बंबात किंवा चुलीत प्लास्टिक, चपला, रबर घालू नका. तो धूर विषारी असतो. अंघोळीचं पाणी काळ्या रंगवलेल्या भांड्यात उन्हात ठेवलं तर दुपारपर्यंत चांगलं कोमट होतं.

थंडीत कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून कधीच झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेतच जीव जातो.

गरोदर बाई आणि तान्हं बाळ चुलीपासून लांब ठेवा. मूल खोकत असेल तर ते शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास भरले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. ताबडतोब दवाखाना गाठा.

आणि एक काम सगळ्यांनी मिळून करायचं. विहारातल्या महिलांच्या पुढच्या बैठकीत वही काढा. किती घरांत चूल आत आहे, किती सिलिंडर रिकामे पडलेत, कोणत्या घरात मुलं सारखी खोकतात, हे लिहून काढा. ती वही ग्रामसभेत किंवा नगरसेवकापुढे ठेवा. नुसती तक्रार झटकता येते, घरांचा आकडा झटकणं अवघड जातं.

त्या आईने पुढे चूल अंगणात नेली. नवऱ्याने चार बांबू रोवून वर पत्रा टाकला, एवढाच खर्च. पुढच्या थंडीत पोराला एकदाच मशीन लागली. “सिस्टर, चूल तर तीच आहे,” ती म्हणाली, “फक्त पोराच्या उशाशी नाही.”