पंचांग पाहून रेवसला

सहल म्हटली की आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांच्या डोळ्यांपुढे महाबळेश्वर, माथेरान, नाही तर एखादे दूरचे क्षेत्र उभे राहते. आणि तेवढी रजा व तेवढा पैसा एकाच वेळी हाती येत नसल्यामुळे सहल बहुधा राहूनच जाते. मुंबईकरांच्या दाराशी, एका दिवसात पाहून परतता येईल असा जो मुलूख आहे, तिकडे मात्र वाळूवर घटकाभर बसण्यापलीकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. आज आम्ही वाचकांस अलिबागेच्या किनाऱ्यावरच, परंतु रेवसच्या वाटेने नेऊ इच्छितो.

रेवस हे धरमतरच्या खाडीच्या मुखाशी आहे व समोरच्या तीरावर करंजा. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत लोकलगाडी सुरू झाल्यापासून ही वाट फार सोयीची झाली आहे. गाडीने उरण, तेथून करंज्याचा धक्का, आणि तरीतून खाडी ओलांडली की रेवस. या खाडीवर पूल व्हावा ही कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे १९८० च्या सुमाराची. पूल झाल्यावर लोक चार मिनिटांत पलीकडे जातील हे खरे. तथापि मुलांना खाडीच्या मध्यावरून दोन्ही तीर दाखवावयाचे असतील तर ते तरीतूनच दाखविले पाहिजेत.

या सहलीस घड्याळापेक्षा पंचांगाची गरज अधिक. कोकणातील जुनी माणसे तिथीच्या अंकाची पाऊणपट करतात आणि भरती किती वाजता भरेल ते सांगतात. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास, त्रयोदशीस पावणेदहा. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. यात तासाभराचा फरक पडू शकतो, यास्तव भरती-ओहोटीचे छापील कोष्टकही पाहून घ्यावे. अष्टमीला ऐन दुपारी ओहोटी येते म्हणून कोणी तो दिवस निवडील. परंतु अष्टमी-नवमीचे पाणी ‘भांगाचे’, ते फारसे मागे हटतच नाही. द्वादशी-त्रयोदशी उत्तम. सकाळी भरल्या खाडीतून तर सुखाने पार होते आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास कुलाब्याच्या किल्ल्याची वाट मोकळी होते.

पावसाळ्यात मात्र जलमार्गाचा बेत करू नये. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून याच रेवसकडे निघाली होती. वादळी समुद्रात ती बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. या पट्टीतील कित्येक घरांत त्या दिवसाची आठवण अजून निघते. रेवसच्या धक्क्यावर उतरल्यावर मुलांना ती हकीकत जरूर सांगावी.

रेवसहून अलिबागेच्या रस्त्याला लागले की वाटेत सासवने येते. शिल्पकार विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर यांचे हे गाव (१८९१–१९६७). गावच्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवाजीमहाराजांचे चित्र ऑटो रॉथफील्ड नावाच्या कलेक्टरच्या दृष्टीस पडले व त्याने त्यांची मुंबईच्या कलाशाळेत सोय करून दिली. पुण्याचा १९२८ सालचा अश्वारूढ शिवपुतळा त्यांचाच. परंतु पुण्याचा पुतळा पाहणाऱ्या शंभरांत पाच जणांनी तरी सासवन्याचे हे घर पाहिले असेल की नाही, याची आम्हांस शंका वाटते. त्यांच्या राहत्या घरातच त्यांच्या कृतींचे संग्रहालय आहे. थोर पुरुषांचे पुतळे तेथे आहेतच. आमचे मन मात्र साध्या माणसांच्या आणि जनावरांच्या मूर्तींपाशी अधिक रेंगाळते. मुलांना येथे घाई करू नये. एखाद्या मूर्तीला मागील बाजूनेही पाहावयास शिकवावे. चित्र आणि शिल्प यांतील भेद तेवढ्याने त्यांच्या ध्यानात येतो.

पुढे किहीम लागते. बया पक्षी घरटे कसे बांधतो याचे निरीक्षण सालीम अलींनी तेथेच केले आणि १९३० च्या सुमारास ते प्रसिद्ध झाले, एवढे वाटेत सांगितले तरी पुरे.

अलिबागेत चुंबकीय वेधशाळा आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून होत असत. पुढे शहरात विजेची ट्राम येणार असे ठरले. ट्रामच्या प्रवाहाने नाजूक उपकरणे बिघडावयाची, हे ओळखून नानाभाई मूस या भारतीय संचालकांच्या कारकीर्दीत १९०४ साली अलिबागेस नवी वेधशाळा उभारली गेली, तीही लोखंड टाळून. जुन्या व नव्या नोंदींचा मेळ राहावा म्हणून १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेतले. ट्राम धावली ती १९०७ मध्ये. संकट यावयाच्या आधीच एवढी तजवीज करणारे खाते आम्हांस तरी दुसरे आठवत नाही! आत जाण्यास पूर्वपरवानगी लागते. पत्र आधी पाठवावे.

त्यानंतर किल्ला. शिवछत्रपतींनी आरंभिलेला, पुढे आंग्र्यांचे मुख्य ठाणे झालेला. आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ त बांधलेले सिद्धिविनायकाचे देऊळ आहे, आणि चहूंकडे खारे पाणी असता गोड्या पाण्याची सोय आहे. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी निघावे व पाणी वळताच परतावे. ‘अजून घोट्याएवढेच आहे’ असे म्हणून रेंगाळणाऱ्यांस पुढच्या ओहोटीपर्यंत देवळातच बसावे लागते.

घरात वृद्ध मंडळी असतील तर किल्ला सोडावा. तरुणांनी एखाद्या दिवशी कनकेश्वर घ्यावा. मापगावाहून शेकडो पायऱ्या चढून गेल्यावर शंकराचे देऊळ व पुष्करिणी आहे. चढ सकाळीच उरकावा. दशम्या आणि पाणी बरोबर असावे. परतताना करंज्याची शेवटची तर किती वाजता सुटते, हे सकाळी उतरतानाच धक्क्यावर विचारून ठेवावे. चुकल्यास मांडव्याहून भाऊच्या धक्क्यास २०२० पासून मोठी रो-रो बोट जाते, तिचीही वेळ टिपून घ्यावी.