भिंत झाकण्याआधी ओल बघा!

नागपुरात आईच्या खोलीची पश्चिमेची भिंत मे महिन्यात रात्री अकरालाही तापलेलीच असायची. कारण काँक्रीट ब्लॉक दिवसभर ऊन शोषतो अन् रात्री खोलीत सोडतो. मिस्त्री म्हणाले, "आतून थर्माकोल अन् जिप्सम बोर्ड लावून टाकू." मी म्हटलं, थांबा, आधी ओल बघू. पावसाळ्यात भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवला. दोन दिवसांनी भिंतीकडच्या बाजूला थेंब! बोर्ड लावला असता, तर मागे बुरशी धरली असती, अन् आईला दमा आहे. म्हणून बाहेरच्या भेगा भरल्या, भिंत पूर्ण वाळू दिली. मग बाहेरूनच ५० मिमी थर्माकोल, वर जाळी अन् गिलावा. आता ऊन ब्लॉकपर्यंत पोचतच नाही. लक्षात ठेवा: आधी ओल, मग अस्तर.